मधोमध आणि खाली

मराठवाड्यातल्या सोनपेठला समुद्र कुठल्याही बाजूने जवळ नाही. वाण नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त. तालुक्याच्या कडेने गोदावरी जाते, तिच्या डोहात पोरं पोहायला शिकतात. पाण्याशी आमचा संबंध तेवढाच. अशा गावात नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला जहाजातली खोली कशी निवडावी, अंगावर काय घालावं आणि पिशवीत काय भरावं हे शिकवलं ते बाजारातल्या एका शिंप्याने. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही म्हणते.

लेक-जावई पुण्यात असतात. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर आईला न्यायचं असं दोघांनी ठरवलं आणि लेकीने फोनवर खोल्यांची यादी वाचायला सुरुवात केली. आतली बिनखिडकीची, समुद्र दिसणारी, बाल्कनीची, मग सुइट. "वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला एक मस्त मिळतेय," ती म्हणाली. मी तेव्हा चाचांच्या दुकानात बाकड्यावर बसले होते. चाचा कात्री चालवत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, जहाजात फुडं झोपू नका. मधोमध आन् खाली."

मी फोनवर लेकीला थांबवलं आणि चाचांना विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

"अम्मीला घिऊन हजला गेल्तो की. जहाजानं."

इतकी वर्षं त्यांच्याकडे कपडे टाकत होते, शाळेतल्या पोरांचे गणवेश त्यांच्याकडूनच शिवून घेत होते, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. हजला जाऊन आलेत एवढं माहीत होतं. विमानानेच गेले असतील असं मी धरून चालले होते. पण १९९५ पर्यंत मुंबई ते जेद्दा अशी यात्रेकरूंची जहाजं जात होती. वाट बंद झाली तेव्हाचं शेवटचं जहाज 'अकबरी'. ही वाहतूक बरीच वर्षं मोगल लाइनकडे होती. १८७७ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. कोकणवासीयांच्या आठवणीतल्या 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' या बोटीही मोगल लाइनच्याच. म्हणजे मालवणच्या चाकरमान्याची बोट आणि सोनपेठच्या हाजींचं जहाज एकाच कंपनीचं! आमच्या मराठवाड्यात बोटीच्या आठवणी नाहीत असं मला वाटायचं. आहेत, पण त्या मशिदीच्या गल्लीत आहेत आणि आम्ही कधी विचारल्या नाहीत.

चाचा विशीत होते. वडील वारलेले. अम्मीबरोबर कुणी पुरुष माणूस हवा म्हणून त्यांचा नंबर लागला. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले, मग गोदी, मग जहाज. खोली वगैरे नाही. खालच्या मजल्यावर एकावर एक लोखंडी फळ्या आणि त्यांवर माणसं. यांना जागा मिळाली पार पुढच्या टोकाला. मुंबई दिसेनाशी झाली आणि अम्मीला उलट्या सुरू झाल्या त्या दुसऱ्या दिवशीही थांबेनात. पाणी पोटात ठरेना. तेव्हा एका खलाशाने विचारलं, "खयसून इलास?" चाचांना ती बोली कळली नाही, पण मराठी आहे एवढं कळलं. खलाशी रत्नागिरीकडचा मुसलमान. मुंबईच्या गोदीत आणि जहाजांवर कोकणी मुसलमानांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या आहेत, त्यातलाच एक. त्याने कुणाला तरी विनवून मायलेकांची जागा बदलून दिली: जहाजाच्या मध्यावर, तळाच्या बाजूला. अम्मीला रोज थोडा वेळ वर न्यायला सांगितलं. लाटांकडे बघायचं नाही, जिथे पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेघेकडे बघायचं. उपाशी राहायचं नाही, सुकी रोटी थोडी थोडी चावायची. तिसऱ्या दिवशी अम्मी उठून बसली आणि शेजारणीची वेणी घालू लागली.

मधोमध का, तेही चाचांनीच समजावलं. "बैलगाडीत शेपटाकडं बसलेलं पोरगं कसं आपटतं? आन् आसाजवळ बसलेलं झोपतं." याहून सोपं मला विज्ञानाच्या तासालाही सांगता आलं नसतं. जहाज लाटेवर चढतं-उतरतं तेव्हा नाक आणि शेपूट सगळ्यात जास्त वर-खाली होतात, मधला भाग सगळ्यात कमी. कुशीवर डुलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुकतात, खालचे कमी. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीला भाव जास्त, कारण तिथून देखावा चांगला. ज्यांना गाडी लागते त्यांनी तो देखावा गच्चीवर जाऊन फुकट बघावा आणि झोपायला खाली यावं. लेकीला मी हे सांगितलं. तिने नकाशा उघडला आणि मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, गोल खिडकीची खोली घेतली. ती स्वस्तही पडली, त्यामुळे जावयांचंही मत झटकन जुळलं.

नकाशा बघताना आणखी एक गोष्ट कळली, ती चाचांच्या काळात लागू नव्हती. आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे ते बघावं. वर नाचगाण्याचा हॉल किंवा स्वयंपाकघर असेल तर रात्री खुर्च्या ओढल्याचे आवाज. वर खोल्या, खाली खोल्या, मध्ये आपण, हे उत्तम. बिनखिडकीची खोली सगळ्यात कमी पैशांत मिळते आणि नुसतं झोपायला वाईट नसते. पण दिवा मालवला की सकाळ झाली की नाही हे कळायला मार्ग नाही. माझ्या वयाच्या माणसाला रात्री उठायचं असतं. तेवढ्यासाठी खिडकी घ्यावी. ती उघडत नाही, नुसता उजेड देते.

मग चाचांनी टेप गळ्यात टाकली आणि माप घ्यायला बोलावलं. मी म्हटलं, साड्या आहेत की. ते म्हणाले, "साडी एक न्या, मानाची. बाकी सलवार-कुडता." मी आयुष्यभर सुती साडीत वावरलेली, हे ऐकून जरा रागच आला. पण त्यांच्याकडे कारणं होती. जहाजाचे जिने उभे आणि वारा असा की पदर सांभाळायला एक हात जातो, कठड्याला धरायला दुसरा लागतो, चहाच्या पेल्याला तिसरा कुठून आणायचा? शिवाय लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते लांब समुद्रात उभं राहतं आणि माणसांना लहान होडीत उतरवून बेटावर नेतात. हलत्या होडीत पाय टाकायचा तर निऱ्या सोयीच्या नाहीत, टाचांच्या चपलाही नाहीत. मागून पट्टा असलेली, ओली झाली तरी न घसरणारी चप्पल हवी.

कापडावरून आमचा वाद झाला. मला जाड खादी आवडते, मराठवाड्याच्या उन्हात तिच्याइतकं काही नाही. चाचा म्हणाले की समुद्राच्या दमट हवेत जाड सुती कापड वाळतच नाही, रात्री धुतलेलं सकाळी घामेजलेलं हातात येतं. त्यांच्या जहाजावर तर कपडे धुवायला खारं पाणी मिळायचं. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, सदरे मिठाने कडक व्हायचे. शेवटी पातळ मलमलीचे दोन कुडते आणि टेरीकॉटचा एक असा तह झाला. कुडत्यांच्या घेराच्या आत त्यांनी नेवारीची चिंचोळी पट्टी शिवली, म्हणजे घेर जड होतो आणि वाऱ्याने वर उडत नाही. हा उपाय कुठल्याही प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रात मला दिसला नाही. तिथे 'स्मार्ट कॅज्युअल' एवढंच लिहिलेलं असतं. ओढणीला दोन्ही खांद्यांवर आतून टिचबटणं लावली.

हे सगळं बोलताना त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. जेद्दा जवळ आलं की जहाज यलमलम या ठिकाणाच्या सरळ रेषेत येतं. हिंदुस्थानातून समुद्राने येणाऱ्यांसाठी तीच मर्यादा. तिथे पोचण्याआधी पुरुषांनी अंगावरचे शिवलेले कपडे उतरवायचे आणि दोन पांढऱ्या चादरी घ्यायच्या. एक कमरेला, एक खांद्यावर. त्यांत शिवण चालत नाही. बायकांना नेहमीचे कपडे चालतात. "धा वर्साचा असल्यापास्नं मशिनीवर बसलो, बाई. आन् आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सफरीत अंगावर एक टाका न्हाई." ते हसले. त्या चादरींवर पट्टा मात्र बांधता येतो. पैसे आणि कागद ठेवायला त्याला खिसा असतो. तसाच पट्टा, जुन्या भाषेत 'कसा', त्यांनी मला उरलेल्या अस्तरातून शिवून दिला. कुडत्याच्या आत बसणारा. त्यात आधार कार्ड, तिकीट, थोडे पैसे आणि एका दिवसाच्या गोळ्या. देशातल्या देशात जायचं तर पासपोर्ट लागत नाही, पण सरकारी ओळखपत्र जपावंच लागतं.

सामान कसं भरायचं हे शिकवणारी दुसरीच. तिचंही ऋण इथेच मांडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या शाळेतली पोरं वर्गातून गळायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि टोळी निघते ऊसतोडीला, पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर. सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, त्यातही आठ-दहा कुटुंबांत वाटून मिळालेला कोपरा. एका मुलाला शाळेत ठेवून जा म्हणून सांगायला मी एकदा त्याच्या दारात गेले होते. त्याची आई सामान भरत होती. ज्वारीचं पोतं तळाला, त्यावर गोधड्यांची वळकटी, भांडी एकात एक आणि त्यांच्या पोकळीत मिरची-मिठाच्या पुड्या, म्हणजे भांडी वाजत नाहीत आणि जागाही फुकट जात नाही. तवा, पीठ, काडेपेटी, लहानग्याचं झबलं मात्र बाहेर ठेवलेलं. मी विचारलं, हे राहिलं का? "न्हाई बाई. आधी लागतंय ते शेवटाला भरायचं. रात्री कुठं उतरवतील काय नेम? अंधारात पोतं उचकीत बसू का?" मुलगा काही शाळेत राहिला नाही. तिचं वाक्य मात्र माझ्यापाशी राहिलं.

क्रूझवर या वाक्याची किंमत कळते. बॅलार्ड पिअरला पोचल्यावर मोठ्या बॅगा तिथेच चिठ्ठी बांधून घेतात आणि त्या खोलीच्या दारात येतात त्या पुढे कधीतरी, कधी दुपारी, कधी रात्री. तोवर तुमच्याजवळ असते ती हातातली पिशवी. औषधं, चष्मा, एक बदलायचा जोड, शाल, फोनचं चार्जर, हे तिच्यातच हवं. शेवटच्या रात्री उलटं होतं. बॅग आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायची असते, सकाळी ती खाली उतरलेली असते. त्या घाईत सगळे कपडे भरून टाकणारे आणि सकाळी रात्रीच्या गाऊनवर जॅकेट चढवून उतरणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिले.

आणखी एक: कडक पत्र्यासारखी सुटकेस नको. चाचांच्या अम्मीची पत्र्याची पेटी जहाज हललं की फळीखालून घसरत जाऊन शेजाऱ्याच्या पायावर आदळायची. आजच्या खोल्या थंड आणि चकचकीत असल्या तरी मोठ्या नसतात. मऊ पिशवी रिकामी करून घडी घालून पलंगाखाली सरकवता येते, सुटकेसला आदळत-आपटत सगळ्या सफरीत वागवावं लागतं. भिंती लोखंडी असतात. जावयांनी चुंबकाचे आकडे आणले होते, ते भिंतीला चिकटवून टोप्या, पिशव्या, ओला टॉवेल सगळं टांगलं. इस्त्री, पाण्याची किटली, उदबत्ती नेऊ नये, आगीच्या भयाने काढून घेतात. न्हाणीघराला उंच उंबरा असतो, त्याला रात्री अंगठा ठेचतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने निघालो तेव्हा अंगात स्वेटर होता, डिसेंबरची थंडी. मुंबईत उतरल्यावर तो काढला आणि जहाजात शिरल्यावर पुन्हा घातला, इतकं आत गार. शाल नेली होती म्हणून निभावलं. जहाज 'एम्प्रेस', १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, बरेच मालक आणि नावं बदलून २०२१ पासून मुंबईहून फिरणारं. आत लिफ्ट, बाजार, नाटकाचं सभागृह. सुटण्याआधी सगळ्यांना गोळा करून सुरक्षेची कवायत होते: सात छोटे भोंगे, एक लांब. तो वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. टायटॅनिकनंतर हे नियम आले आणि २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाल्यावर कवायत जहाज सुटण्याआधीच घ्यायचं बंधन आलं. काही मंडळी फोनवर व्हिडिओ काढत होती. मला रेवसच्या वाटेवर १७ जुलै १९४७ ला बुडालेली 'रामदास' बोट आठवली. सहाशेहून जास्त माणसं गेली होती. मी भोंगे नीट मोजले.

दुसऱ्या रात्री समुद्र उचंबळला. कपाटातले हँगर किणकिणायला लागले. गोल खिडकीबाहेर काळं पाणी वर येई, खाली जाई. मी आल्याची वडी तोंडात धरून पडून राहिले. आलेपाकाचा डबा लेकीने घेतला नव्हता, मी घेतला होता. उलटीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि मळमळायच्या आधी घ्यावी लागते, नंतर ती पोटात टिकत नाही. तिने झोपही येते, ते बरंच. सकाळी नाश्त्याला वरच्या मजल्यावर पुढच्या टोकाला राहणारं एक कुटुंब भेटलं. चौघांचे चेहरे पांढरे. मी इडली-सांबार खाल्लं.

मानाची साडी म्हणून इरकल नेली होती. मलमलीच्या पिशवीत घडी घालून, मध्ये जुनं धोतर ठेवून, म्हणजे घडीवर चीर पडत नाही. गाला डिनरच्या रात्री नेसले. आजूबाजूला चमचमणारे पोशाख, त्यात काठाची इरकल जरा गावरान दिसली असेल. दोन बायकांनी येऊन पदर हातात घेऊन बघितला, एवढं खरं.

परत आल्यावर चाचांना फोटो दाखवले. झुंबराचा फोटो बघून ते म्हणाले, "जहाज हाय का मंगल कार्यालय?" खोलीच्या फोटोवर मात्र ते थांबले. पलंग, खिडकी, भिंतीवरचा आकडा, सगळं बोटाने मोठं करून पाहिलं. मग विचारलं, "रत्नागिरीचं कुणी भेटलं का?" आमची खोली आवरणारा मुलगा गुहागरकडचा होता हे सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

पैसे किती म्हणून विचारलं. शिलाई सांगितली. पट्ट्याचे, नेवारीचे, टिचबटणांचे? त्यांनी खणातून उधारीची वही काढली आणि माझं पान उघडलं. त्यात नातवाच्या दोन हाफ पँटी होत्या, कधीच्या तरी उन्हाळी सुट्टीतल्या. "हे द्या," म्हणाले. ते दिले. पट्ट्याचं पुन्हा काढलं तर, "ते माजं न्हाई, खलाशाचं हाय," म्हणून वही मिटली.

हल्ली ते माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवतात. परवा पाथरीचं एक जोडपं आलं. मुलाने गोव्याच्या क्रूझचं तिकीट काढून दिलंय. कपड्यांचं चाचा बघणार, खोलीचं बाईंना विचारा असं सांगून पाठवलेलं. मी म्हटलं, मधोमध आणि खाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलाने हौसेने सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी पुढची खोली घेतलेली. म्हटलं, मग आलेपाक अर्धा किलो घ्या.